डार्कलिंग: अंधारातला शब्द

कवितेत एखादा शब्द अडला की कोणीतरी हमखास म्हणतं, "एवढा अवघड शब्द कशाला? सोपा होता की!" 'डार्कलिंग' या इंग्रजी विशेषणाबद्दल तर हे पटकन पटतं. 'डार्क' हाताशी असताना ही शेपटी कशाला?

पण मंडळी, खरी गंमत त्या शेपटीतच आहे. 'डकलिंग' म्हणजे बदकाचं पिल्लू, म्हणून 'डार्कलिंग' म्हणजे छोटासा अंधार, असं मुळीच नाही. हा प्रत्यय वेगळा, क्रियाविशेषण करणारा. मूळ अर्थ सरळ आहे: अंधारात. विशेषण म्हणून तो नंतर रुळला.

मिल्टनने 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) रात्री गाणाऱ्या पक्ष्यासाठी तो वापरला. तेव्हा मिल्टनची स्वतःची दृष्टी पूर्ण गेलेली होती! १८१९ मध्ये कीट्सने तोच शब्द नाइटिंगेलच्या कवितेत घेतला, पण इथे अंधारात आहे तो ऐकणारा. आदल्याच डिसेंबरात त्याचा धाकटा भाऊ टॉम क्षयाने गेला होता. आर्नल्डच्या 'डोव्हर बीच'मध्ये (१८६७) तो शब्द रणभूमीला लागला. आणि १९०० च्या डिसेंबरात, शतक संपता संपता, हार्डीच्या कवितेत तो एका म्हाताऱ्या, वाऱ्याने पिंजारलेल्या थ्रश पक्ष्यापाशी आला. पक्षी भर हिवाळ्यात जीव ओतून गातो, आणि ऐकणाऱ्या कवीला मात्र आशेचं काहीच कारण दिसत नाही.

आता तिथे 'डार्क थ्रश' म्हणून बघा. हाती काय येतं? पिसांचा रंग! 'डार्कलिंग'मध्ये अंधार पक्ष्याचा नाही, त्याच्या भोवतीचा आहे. शिवाय मिल्टनचा आणि कीट्सचा पक्षी त्याच्या मागे उभा आहे, तो वेगळाच.

मराठीत आणायचा तर 'काळा' नको, 'अंधारा' नको, 'अंधारातला' हवा. आपला साधा 'तला' तेच काम करतो. अंधारातला माणूस काही अंधारा नसतो.

म्हणून मला वाटतं, अवघड शब्द दिसला की लगेच मिरवणं म्हणू नये. काही शब्द मिरवायला असतात, मान्य. पण काही शब्द सोप्या शब्दाला न जमणारं काम करतात. दुःखात असणं आणि दुःखी असणं यातला फरक ज्याला सांगायचाय, त्याने 'डार्क'वर का भागवावं?