मानेवर किती किलो?

मंडळी, २०२२ साली तो फोटो तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला पाठवला होता. इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी बैलगाडीला तिसरं चाक लावलं होतं. नाव 'सारथी'. दोन बैलांच्या मधोमध, जूखाली एक लहान चाक, म्हणजे मानेवरचा भार थेट जमिनीवर जावा. फोटोखाली 'काय जुगाड आहे', 'आपली पोरं कुठेच कमी नाहीत', जोडलेले हात. मीही तो चार ग्रुपांवर ढकलला. मग आपण सगळेच विसरलो.

मला ते चाक पुन्हा आठवलं ते गेल्या उन्हाळ्यात, लिओनबर्गजवळ आउटोबानवर.

गेर्लिंगेनच्या मराठी माणसाला गाड्यांवर बोलायला निमित्त लागत नाही. गावाच्या वर शिलरह्योहेवर बॉशचं मुख्यालय, आमच्यातले बरेच जण याच धंद्यातले, त्यामुळे दिवाळीच्या फराळालाही चकलीबरोबर सस्पेन्शन असतंच. तर आम्ही भाड्याने कॅरॅव्हॅन घेतली, गाडीमागे लावली आणि निघालो. पहिल्या दहा किलोमीटरमध्येच मुलीला मळमळायला लागलं. रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर गाडी मान डोलवत होती, मागून हिसके बसत होते. मी लगेच निदान केलं: गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर गेले, भारी टाकायला हवेत.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त श्वाबियन आजोबांनी, ज्यांच्याकडे मी परत येऊन रडगाणं गायलो, घरातून माणसाचं वजन करायचा काटा आणला आणि कॅरॅव्हॅनच्या जोडणीखाली ठेवला. ३० किलोसुद्धा भरेना. जोडणीवर ७५ किलोपर्यंत चाललं असतं. आम्ही तांदळाचं पोतं, पाण्याचे कॅन, खुर्च्या, सगळं मागच्या टोकाला कोंबलं होतं. ते आसावर आणलं, थोडं पुढे घेतलं, टायरची हवा पाहिली. नवा खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी मुलगी उल्मपर्यंत झोपली.

अमेरिकेत फिफ्थ व्हील ओढणाऱ्या मंडळींना यात नवीन काही नाही. फिफ्थ व्हील हे नावच मुळात घोडागाडीच्या पुढच्या आसावर फिरणाऱ्या आडव्या चकतीवरून आलेलं. तिथे जोडणी पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या डोक्यावर बसते, आणि ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तिच्यावर येतो. पुढे-मागे हिसके बसतात म्हणून माणसं हजाराच्या वर डॉलर मोजून हवेच्या फुग्यावरची जोडणी बसवतात. जरूर बसवा. पण ओढण्याचा आराम मुळात दोनच गोष्टींवर ठरतो: एकूण किती ओढताय, आणि त्यातलं किती ओढणाऱ्याच्या अंगावर येतंय. बाकीचं सगळं त्यानंतर.

जर्मनीत हे दोन्ही आकडे कायद्यात आहेत. जोडणीवर ट्रेलरच्या वजनाच्या निदान चार टक्के भार हवा (२५ किलोच्या वरची सक्ती नाही), आणि वरची मर्यादा गाडीने व जोडणीने ठरवलेली. ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. वेग ताशी ८०. १०० हवा असेल तर ट्रेलरला शॉक ॲब्सॉर्बर आणि सहा वर्षांच्या आतले टायर दाखवून परवानगी घ्या. हा सगळा खटाटोप एका इंजिनासाठी, ज्याला दुखत नाही.

आता उसाची बैलगाडी पाहा. एका आसाचा ट्रेलरच तो. ओढणारा मात्र वशिंडापुढच्या चार बोटं जागेवर जू घेतो. दीड-दोन टन ऊस सहज भरलेला असतो. चढावर गाडी मागे उलळू नये म्हणून गाडीवान ऊस थोडा पुढे रेटूनच भरतो. कॅरॅव्हॅनवाल्या शहाण्यांना जे काट्याने कळतं ते त्याला हाताने कळतं. पण पुढे रेटलेलं वजन मानेवर येतं. ब्रेक नाही. उतारावर दोन टनांचा रेटा बैल मानेनेच थोपवतात. खड्ड्यात चाक गेलं की धुरा उसळते आणि जू आपटतं, तेही तिथेच. खांदा सुजतो, सोलवटतो. दुखतं कुठे हे आपल्या लोकांना ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद आणि तूप चोळतात ते नेमकं त्याच जागी. वर्षातून एक संध्याकाळ.

म्हणून 'सारथी' हे जुगाड नाही, आणि त्याला जुगाड म्हणणं मला खटकतं. आपल्या कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकालाही उभं करताना टेकवायला एक लहान चाक असतंच. त्याला कुणी जुगाड म्हणत नाही. अडचणीही अभियांत्रिकीच्याच आहेत. ऊस भरायला गाडी शेतात जाते तेव्हा लहान चाक भुसभुशीत मातीत रुततं. ते खड्ड्यात आदळलं तर हिसका कुठे जाणार? चाकाची उंची बैलांच्या उंचीला जुळली नाही तर फायदा गेला. हे सगळं सुटण्यासारखं आहे. आयआयएम बंगळुरूचे संस्थापक-संचालक एन. एस. रामस्वामी यांनी सत्तरच्या दशकात बैलगाडी सुधारण्याचा ध्यास घेतला, तेव्हापासून या देशात गाडीची चाकं, जू, बेअरिंग यांवर विचार झालेला आहे. डोकं कमी पडलेलं नाही.

माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. समजा उद्या प्रत्येक गाडीला हे चाक लागलं. मानेवरचा भार हलका झाला, बैल निमूट चालू लागले. त्या दिवशी गाडीत आणखी पाव टन ऊस पडेल. गाडीवान क्रूर आहे म्हणून नाही. बीड-नगरकडून आलेलं ते जोडपं मुकादमाची उचल फेडत असतं, आणि तोडणी-वाहतुकीचा पैसा टनावर मिळतो. आराम मिळाला की तो ओझ्यात खर्च व्हायचाच. आमच्या कॅरॅव्हॅनला शंभर फुगे लावले तरी पाटीवरचा वजनाचा आकडा एक किलोनेही वाढत नाही. हाच फरक आहे.

आणि पाटी नाही असंही नाही. जनावरांनी ओढायच्या ओझ्याबद्दल १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. जनावराच्या आकारानुसार आणि गाडीच्या चाकांनुसार ओझ्याच्या मर्यादा, दिवसाला नऊ तासांच्या वर काम नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. मोजणार कोण, असा प्रश्न नेहमी येतो. अहो, मोजलं जातंच की! साखर कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक उसाची गाडी भरलेली चढते, मग रिकामी चढते, आणि पावती फाटते. कुठल्या गाडीने कुठल्या दिवशी किती ओढलं याचा कागद कारखान्याच्या दफ्तरात आहे. शेतकऱ्याचा पैसा ठरवायला तो आकडा चालतो, बैलासाठी मात्र तो कुणाला दिसत नाही.

'बैल आता राहिलेत कुठे, सगळं ट्रॅक्टरवर गेलं,' असं फोनवर सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. गेलंय बरंचसं. पण हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यावर रात्री कंदील लटकवलेल्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगू नका. आणि ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जातात, त्यांचंही वजन त्याच काट्यावर होतं.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्यातल्या अनेकांच्या घरी सहकारी कारखान्याचा शेअर आहे, वडिलांच्या नाहीतर भावाच्या नावावर. साखर सवलतीच्या दरात घ्यायला तो आठवतो. कारखान्याची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे हंगाम सुरू होण्याआधी. यंदा घरी फोन कराल तेव्हा भावाला एवढंच सांगा, सभेत लेखी प्रश्न दे: गेल्या हंगामात बैलगाडीचं सर्वांत जास्त भरलेलं वजन किती होतं? मर्यादेच्या वर किती गाड्या काट्यावर घेतल्या? यंदा त्या घेऊ नयेत आणि त्यापायी गाडीवानाचं नुकसान होऊ नये म्हणून खेपेचा दर काय वाढवणार? चाकाचा प्रश्न चौथा ठेवा.

भाऊ म्हणेल, तुला तिकडे बसून काय करायचंय. माझा म्हणाला. मी त्याला जोडणीखालच्या काट्याचा फोटो पाठवला. त्याने विचारलं, हे काय? म्हटलं, आमच्या गाडीची मान. अजून उत्तर आलेलं नाही, पण सभेची तारीख त्याने कळवली आहे.