रोजमेळ आणि रहदारी

रोजमेळ लिहिल्यावाचून दुकान चालवू नये, हे व्यापारी बंधूंस सांगावयास नको. मग ज्या रस्त्यांवर आपली दुकाने उभी आहेत, त्यांचा रोजमेळ कोणी पाहावा?

हुबळी-धारवाड दरम्यान 2018 साली ‘चिगरी’ बसगाड्या धावू लागल्या. (हरिणाचे नाव त्यांस शोभतेही!) सुमारे 22 किलोमीटरांच्या या मार्गावर तिकीट स्थानकावरच काढावे लागते, तेव्हा कोणत्या वेळी किती माणसे निघाली, याची नोंद आपोआप होते. दिल्लीत बसगाड्यांची माहिती 2018 पासून सर्वांस खुली आहे. तशी ही नोंदही लोकांपुढे यावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

परंतु मागणाऱ्यानेही काही द्यावयास हवे. दुर्गदबैलच्या गल्ल्यांत मालाच्या गाड्या केव्हा येतात, अमरगोळच्या बाजार आवारातून किती टेम्पो निघतात, हे आपल्यावाचून कोणास ठाऊक? गिऱ्हाईक व भाव उघडे पडतील, या भीतीने आपण गप्प राहतो. ती भीती अगदीच निराधार नव्हे. म्हणून नावे, माल व भाव वगळून केवळ वेळ, ठिकाण आणि गाड्यांची संख्या संघाने एकत्र करावी व नगरनियोजकांस द्यावी. दुकान वाढवून घरी निघणाऱ्या मुनीम-नोकरांची संख्याही तीत असावी. म्हणजे शेवटची बस केव्हा सोडावी, हे अंदाजाने ठरविण्याची पाळी महामंडळावर येणार नाही.