एक बाटली, दोन राज्ये आणि जहाजाचा नियम

मुंबईच्या इंदिरा डॉकवरील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. त्याआधी २०२१ पासून कॉर्डेलिया या देशी कंपनीचे जहाज मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे प्रवासी नेऊ लागले होते. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या जळगाव-धुळ्याच्या मध्यमवर्गालाही क्रूझची सहल आता अपरिचित राहिलेली नाही. अशा सहलीला निघताना पासपोर्ट, औषधे, सामानाचे वजन यांची चौकशी उघडपणे होते. एक प्रश्न मात्र जरा दबक्या आवाजात विचारला जातो. आपली वाइनची बाटली जहाजावर नेता येते का?

जहाजापुरते या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. कार्निव्हल या अमेरिकी कंपनीच्या जहाजावर २१ वर्षांवरील प्रत्येक प्रवाशाला प्रवासाच्या पहिल्या दिवशी ७५० मिलिलीटरची वाइन किंवा शॅम्पेनची एक सीलबंद बाटली हातातील सामानात आणता येते. रॉयल कॅरिबियनचा नियमही साधारण असाच आहे. नॉर्वेजियन कंपनी वाइन आणू देते, पण बाटलीमागे शुल्क घेते. व्हिस्की, रम, व्होडका यांना बहुतेक कंपन्या दार उघडत नाहीत आणि काही कंपन्या तर बाहेरचा एक थेंबही आत येऊ देत नाहीत. यामागे नीतीचा संबंध नाही. तिकीट स्वस्त ठेवायचे आणि जहाजावरील बारमधून पैसा काढायचा, हे या धंद्याचे गणित आहे. प्रवाशाची स्वतःची बाटली त्या गणितात बसत नाही, एवढेच. मधल्या बंदरावर विकत घेतलेली बाटली जहाजावरचे कर्मचारी ठेवून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत करतात. नियम तिकीट काढतानाच कळतो, आणि तो मोडला तर फार तर बाटली जाते.

खान्देशातील प्रवाशाची खरी अडचण जहाजावर सुरू होत नाही. ती त्याच्या गावच्या रेल्वे स्थानकापासून सुरू होते.

दोंडाईचा, अमळनेर किंवा धरणगाव येथील एखाद्या गृहस्थाने नाशिकच्या द्राक्षांची वाइन स्थानिक दुकानातून रीतसर घेतली आहे, त्याचे वय २१ च्या वर आहे आणि खिशात परवानाही आहे, असे समजू. बाटली बॅगेत घालून तो रात्री मुंबईकडे निघाला. जळगावहून मनमाड, नाशिकमार्गे जाणारी गाडी त्याने पकडली तर सारा प्रवास महाराष्ट्रातूनच होतो. पण खान्देश एक्स्प्रेस किंवा तापी खोऱ्यातून सुरतमार्गे जाणारी दुसरी कोणतीही गाडी घेतली, तर नवापूरनंतर तो गुजरातेत शिरतो; सुरत, वलसाड, वापी ओलांडून पुन्हा महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्यात येतो. निघाला महाराष्ट्रातून, पोहोचणार महाराष्ट्रात; मधले काही तास मात्र त्याची तीच बाटली गुन्ह्याचा पुरावा असते. तो झोपेत असतो, गाडीत कोणतीही सूचना होत नाही, आणि त्याच्या तिकिटावर याविषयी एक अक्षरही नसते.

नवापूरचे स्थानक तर या विसंगतीचे जिवंत चित्रच आहे. राज्याची सीमा या स्थानकाच्या मधून जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशन मास्तरांचे कार्यालय गुजरातेत. सीमारेषेवरच्या बाकड्यावर बसून छायाचित्रे काढून घेण्याची हौस प्रवाशांना असते. त्या बाकड्याच्या एका टोकाला परवान्याची बाब आणि दुसऱ्या टोकाला फौजदारी गुन्हा, हे छायाचित्र काढणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानात येत असेल.

गंमत अशी, की ही दोन्ही राज्ये एकाच कायद्याची लेकरे आहेत. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. तेव्हा पूर्व खान्देश, पश्चिम खान्देश आणि सुरत हे तिन्ही जिल्हे मुंबई प्रांतातच होते. मोरारजी देसाईंच्या आग्रहातून आलेला हा कायदा इतका कडक होता, की एफ. एन. बलसारा नावाच्या मुंबईकराने थेट उच्च न्यायालयात धाव घेतली. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, इतकेच नव्हे तर ओ-द-कोलोन बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क त्याने मागितला. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा गाभा वैध ठरवला. मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांवरील बंदी आणि काही जाचक कलमे तेवढी रद्द झाली. लष्करी मेस आणि युद्धनौका यांना दिलेली सवलतही न्यायालयाने मान्य केली. म्हणजे जहाजावरच्या पेल्याचा विचार या कायद्याने पहिल्यापासून केला होता. आगगाडीतल्या बॅगेचा मात्र केला नाही. त्याची गरजही नव्हती, कारण त्या वेळी भुसावळपासून सुरतेपर्यंत राज्य एकच होते.

१ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली आणि कायद्याची दोन रूपे झाली. गुजरातने बंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने कायदा तोच ठेवून परवान्यांची खिडकी उघडली. आजही कागदावर महाराष्ट्रात दारू पिण्यास, विकत घेण्यास व बाळगण्यास परवाना लागतो: एका दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभर रुपयांत, आजन्म हजार रुपयांत. परवानाधारकाला महिन्याला १२ युनिटची मर्यादा आहे. वाइन व बिअरसाठी वय २१, कडक मद्यासाठी २५. आपल्याकडच्या ‘वाइन शॉप’मध्ये परवाना मागितला जाण्याचा प्रसंग किती जणांवर आला असेल, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. (त्या दुकानांत वाइनच सर्वात कमी खपते, हा आणखी एक विनोद.) पण कायदा निद्रिस्त असला तरी मेलेला नसतो, आणि तो जागा होतो तो नेमका प्रवासात.

गुजरातने तर २०१७ च्या दुरुस्तीने दारूची निर्मिती, विक्री व वाहतूक यांची शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाख रुपयांपर्यंत वाढवला. हे पाऊल तस्करांविरुद्ध होते आणि तस्करी खोटी नाही. इतकी कडक बंदी असतानाही जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात विषारी दारूने चाळीसहून अधिक माणसे दगावली. तेव्हा गुजरातच्या पोलिसांनी सीमेवर झडती घेऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. खान्देशातही दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आहेत. बाटली आडवी करण्यासाठी मतदानाला उतरणाऱ्या गावोगावच्या महिलांना सैल कायदा नको आहे, आणि त्यांचे म्हणणे बाजूला सारून या विषयावर बोलता येणार नाही. प्रश्न एवढाच आहे, की खोक्यांनी भरलेला ट्रक आणि कपड्यांच्या घडीत ठेवलेली एक सीलबंद बाटली यांत सीमेवरच्या शिपायाने फरक कोणत्या आधारावर करायचा? लेखी आधार नसेल तर तो फरक शिपायाच्या मर्जीवर होतो. मर्जीची किंमत काय असते, ते आपल्याकडे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या सीमेवर चित्र उलटे आहे. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुका आणि जळगावचे रावेर, चोपडा हे तालुके मध्य प्रदेशला लागून आहेत. तिकडे बंदी नाही, पण कर वेगळा. महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल अपेक्षित धरला. सीमेपलीकडची बाटली त्यामुळे अधिकच मोहक झाली. ती आणणारा प्रवासी इथे नीतीचा नव्हे, तिजोरीचा गुन्हेगार ठरतो. त्यातच मध्य प्रदेशने १ एप्रिल २०२५ पासून ओंकारेश्वर, महेश्वरसारख्या धार्मिक स्थळी दारूविक्री बंद केली. जळगावहून बऱ्हाणपूरमार्गे ओंकारेश्वरला जाणाऱ्या कुटुंबाच्या गाडीच्या डिकीत मागच्या सहलीची बाटली राहून गेली असेल, तर तिचे तिथे काय होईल, हे ते कुटुंब कोणाला विचारणार?

वाइनच्या बाबतीत राज्याचे धोरण आणखी गोंधळाचे आहे. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने वाइनला शेतमालाचे उत्पादन मानून उत्तेजन दिले. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मंजुरी दिली. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांचा विरोध झाला आणि निर्णय कागदावरच राहिला. एकीकडे शेतकऱ्याचे उत्पादन म्हणून मिरवायचे आणि दुसरीकडे ते घेऊन शेजारच्या राज्यातून जाणाऱ्या आपल्याच नागरिकाला वाऱ्यावर सोडायचे, हे दोन्ही एकाच सरकारला शोभत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. सुरतमार्गे जाणाऱ्या गाड्यांच्या तिकिटावर आणि नवापूर, नंदुरबार, अमळनेर येथील फलाटांवर तीन भाषांत दोन ओळींची सूचना छापणे रेल्वेला जड नाही. महाराष्ट्रातून महाराष्ट्रात जाणाऱ्या प्रवाशाकडे खरेदीची पावती, वैध परवाना व सीलबंद एक बाटली असेल, तर ती ठेवून घेऊन पावती द्यावी, माणसाला ठेवून घेऊ नये, एवढा समझोता दोन्ही गृहखात्यांत होऊ शकतो. गुजरात सरकार बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना मुदतीचे परवाने देते. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरच्या गिफ्ट सिटीसाठी तर बंदीला मुरडही घातली. वित्तीय केंद्रातील पाहुण्यांसाठी जी लवचीकता शक्य झाली, ती सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये नातलग असलेल्या लाखो खान्देशींच्या वाटेवर अशक्य का ठरावी?

तोवर मात्र दोंडाईचा-अमळनेरच्या प्रवाशाने सुरतेची गाडी घेणार असाल तर बाटली घरीच ठेवावी आणि जहाजाचा नियम परवानगी देत असेल तर ती मुंबईत पोहोचल्यावर घ्यावी. बरोबर नेणे अगदीच आवश्यक असेल, तर धुळ्याहून मालेगाव, नाशिकमार्गे मुंबई-आग्रा महामार्ग आहे. आणि जहाज लक्षद्वीपला जाणारे असेल, तर तिथे बंगारम बेट सोडता दारूबंदी आहे. किनाऱ्यावर उतरताना बाटली खोलीतच राहू द्यावी.