हयातीचा दाखला कारभारालाही मागा

मा. जिल्हाधिकारी, नांदेड यांना खुले पत्र



निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं सरकारला दाखवावं लागतं. मुखेड तालुक्यात त्यासाठी बाऱ्हाळी, मुक्रमाबाद, जांब, चांडोळ्याकडची म्हातारी माणसं तालुक्याला येतात. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचं तिकीट लागत नाही, तेवढा येण्याचा खर्च वाचतो. खरा अडथळा पुढे, अंगठा लावताना. जन्मभर खुरपं नि कोयता धरलेल्या बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. सेवा केंद्रावरचा पोरगा ओल्या फडक्यानं बोट पुसतो, दुसरं बोट लावून पाहतो, डावा हात मागतो. बाहेर रांग. शेवटी, ‘आजी, उद्या या.’

तपासणी हवीच, मेलेल्यांच्या नावावर पैसे निघू नयेत, हे कुणालाही पटेल. पण वृद्धांच्या बाबतीत सरकारची तपासणी एकाच बाजूनं चालते. म्हातारीनं वय, उत्पन्न, आधार आणि हयात सिद्ध करायची. तिच्यासाठी काढलेल्या योजना हयात आहेत का, हे मात्र तिला कुणी दाखवत नाही.

उत्पन्नाचंच पाहू. श्रावणबाळ योजनेसाठी वय ६५ आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे घरातल्या एकानं वर्षात ६८ दिवस हमीवर काम केलं की म्हातारी अपात्र! लाडकी बहीण योजनेला हीच मर्यादा अडीच लाखांची आहे आणि ती ६५ व्या वर्षी संपते. दोन्हीकडे रक्कम महिना १,५०० रुपयेच. बाईनं पासष्टी गाठली, की अडीच लाखांच्या दारातून निघून तिनं एकवीस हजारांच्या दारात उभं राहायचं. या दारातून खऱ्या आकड्यानं आत जाणं अवघड, म्हणून दाखल्यावर ‘बसणारा’ आकडा येतो. तो देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. परिणाम एवढाच, की हक्काचे दीड हजार घेणारी म्हातारी जन्मभर कुणाच्या तरी मेहेरबानीवर राहते. मर्यादा वाढवणं आपल्या हातात नाही, पण तालुक्यात किती अर्ज याच कारणानं फेटाळले गेले, हे मंत्रालयाला कळवणं नक्की आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला ८० वर्षांखालच्यांचा वाटा आजही महिना २०० रुपयेच आहे, तेही त्याच पत्रात लिहावं.

आता कायदा. ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम’ २००७ चा, त्याखालचे राज्याचे नियम २०१० चे. पोटगीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जातो. वकील लागत नाही. एखादी संस्था म्हातारीच्या वतीनं अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल ९० दिवसांत अपेक्षित आहे, फार तर आणखी ३०. मात्र पोटगीची कमाल मर्यादा महिना १० हजार रुपये. ती काढून टाकणारं आणि वृद्धाश्रमांबरोबर घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी सक्तीची करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. १७ वी लोकसभा २०२४ मध्ये विसर्जित झाली नि ते बारगळलं.

कायदा कागदावरून खाली उतरतो तेव्हा काय होतं, ते शेजारच्या लातूरनं दाखवलं. २०२० च्या नोव्हेंबरात लातूर जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेनं ठराव केला: आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून ३० टक्के कापायचे आणि आई-वडिलांच्या खात्यात जमा करायचे. १२ कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रारी आल्या, त्यातले सहा शिक्षक. सात जणांची कपात सुरू झाली. नोटीस हाती पडल्यावर काहींनी घरातच मिटवून घेतलं. आसाम सरकारनं त्याआधी, २०१७ मध्ये, अशाच कपातीचा कायदा केला होता. तिथं प्रमाण १० टक्के. नांदेड जिल्हा परिषदेलाही असा ठराव करायला कुणाची हरकत नसावी.

पण मुखेडचं दुखणं तेवढ्यानं बरं होणारं नाही. लातूरचा उपाय चालला, कारण पगार कार्यालयाच्या हातात होता. बालाघाटाच्या या डोंगराळ, कोरडवाहू तालुक्यातला मुलगा बहुधा गुरुजी नसतो. तो मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेला असतो, नाहीतर हैदराबादेत किंवा पुण्यात बांधकामावर. त्यानं आईला टाकलेलं नसतं. उलट स्वतःची दोन लेकरंच तिच्याकडे ठेवलेली असतात. अशा घरात पोटगीचा आदेश काय कामाचा? तिथं दीड हजारांचा ‘पगार’ वेळेवर येणं, रक्तदाबाची गोळी उपकेंद्रात मिळणं आणि अंगठा उमटला नाही तरी रेशन मिळणं, यावरच म्हातारीचे सहा महिने निघतात. देखरेख हवी ती इथं.

आणि पावसाळ्यातही. ऑगस्ट २०२५ च्या अतिवृष्टीत लेंडी धरण प्रकल्पाच्या परिसरातल्या रावणगाव, भासवाडी, भिंगेली, हसनाळ या गावांत रात्रीतून पाणी शिरलं. हसनाळात माणसं गेली. त्यांत म्हाताऱ्या बाया होत्या. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्यानं ठेवावी, महिन्यातून एकदा त्यांच्या घरी भेट द्यावी, ही २००७ च्या कायद्याच्या अंमलबजावणीतली अपेक्षा आहे. त्या रात्री बचावाला गेलेल्यांच्या हातात अशी यादी होती का, हे विचारणं गैर नाही. राजकारण तर मुळीच नाही.

तेव्हा मागणं साधं आहे. दर तिमाहीला मुखेड तहसीलच्या फलकावर तालुक्याचे आकडे लावावेत: पोटगीचे अर्ज किती आले, किती दिवसांत निकाली निघाले, आदेशाचे पैसे प्रत्यक्ष किती जणांना मिळाले, श्रावणबाळाचे किती अर्ज कोणत्या कारणानं परत गेले, आणि पैसे कोणत्या तारखेला जमा झाले. अंथरुणाला खिळलेल्यांची हयात तलाठ्यानं घरी जाऊन नोंदवावी. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी असतात. त्यातून खरंच चष्मा आला का, हेही त्यानं त्याच फेरीत पाहावं.

आणि न्यायाधिकरणानं वर्षातून एक बैठक मुखेडला घ्यावी, शक्यतो दसरा-दिवाळीच्या दरम्यान. ऊसतोडीच्या टोळ्या एकदा निघाल्या, की म्हातारी अर्ज घेऊन हजर राहील, पण सामनेवाला सांगली-कोल्हापूरच्या कुठल्या फडात आहे, ते नोटीस घेऊन फिरणाऱ्या कोतवालालाही सापडणार नाही.