सिकंदरला हरूही द्या

जुम्याची नमाज झाली की महाडच्या बाजारात आम्ही चार-पाच जण चहाला बसतो. खरं तर कोकणातल्या माणसाला कुस्तीशी काय देणंघेणं? आमच्या खाडीपट्ट्यातली पोरं टेनिस बॉलचं क्रिकेट खेळत मोठी होतात. आखाडा म्हटला की घाटावरचा, जत्रेतला. तरीही 2023 पासून आमच्या टेबलावर एका पहिलवानाचं नाव सारखं येतं: सिकंदर शेख.

माझा भाचा म्हणतो, ‘मामू, त्याच्यासारखा पहिलवान महाराष्ट्रात झालाच नाही. नाव शेख नसतं तर जानेवारीतच गदा मिळाली असती.’ पोलादपूरचा माझा जुना मित्र घाटावरच्या जत्रांचे फड बघत वाढलेला. तो म्हणतो, ‘भाई, पोरगा चांगला आहे, पण तुम्ही लोकांनी त्याला उगाच डोक्यावर घेतलाय. एक गदा, आणि एवढा गाजावाजा!’

मला दोघांशीही भांडायचं आहे. आधी मित्राशी.

एक गदा म्हणजे थोडकी, हे पोलादपूरच्या माणसाने म्हणावं याची गंमत वाटते. उमरठ तुमच्याच तालुक्यात. तिथे तानाजी मालुसऱ्यांच्या स्मारकापुढे हात जोडताना त्यांनी एकूण किती गड घेतले, याचा हिशेब कोणी मागतं का? 1670 सालची कोंढाण्याची एक रात्र पुरते. पहिलवानाची बरोबरी मी सुभेदारांशी करत नाही. मुद्दा मोजमापाचा आहे. एकच झुंज कधीकधी माणूस दाखवून देते.

सिकंदरची ती झुंज 10 नोव्हेंबर 2023 ची, पुण्याजवळच्या फुलगावची. समोर शिवराज राक्षे, त्याच वर्षीच्या जानेवारीतला महाराष्ट्र केसरी. सिकंदरने झोळी डाव टाकला आणि मिनिटभराच्या आत त्याला चितपट केलं. त्यात गुणांचा घोळ नव्हता, पंचांच्या बोटांकडे बघायची वेळ आली नाही. मोहोळच्या एका हमालाच्या पोराने कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घाम गाळून हे कमावलं. ‘उगाच डोक्यावर घेतलाय’ म्हणणाऱ्याने ती कुस्ती पुन्हा बघावी. जास्त वेळ लागणार नाही.

मात्र मित्राचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. नरसिंग यादवने 2011 पासून सलग तीन वेळा ही गदा जिंकली आणि त्याच्यामागोमाग विजय चौधरीनेही सलग तीन वेळा. त्या फूटपट्टीने सिकंदर मागेच आहे. शिवाय 2023 च्या नोव्हेंबरात संघटनांच्या भांडणामुळे महाराष्ट्र केसरी दोनदा भरली. फुलगावला सिकंदर जिंकला, धाराशिवला शिवराज. बॉक्सिंगमध्ये प्रत्येक संघटनेचा पट्टा वेगळा आणि चॅम्पियनही वेगळा असतो, तोच प्रकार आपल्याकडे आला.

आणि मोठी फूटपट्टी काढायची तर खाशाबा जाधवांची काढू. 1952 ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. त्यानंतर महाराष्ट्राच्या एकाही पहिलवानाला ऑलिंपिकचं पदक मिळालेलं नाही. राज्याला पुढचं वैयक्तिक पदक 72 वर्षांनी, 2024 ला मिळालं, तेही स्वप्नील कुसाळेच्या नेमबाजीत. म्हणजे अवाजवी मोठं काही झालं असेल तर ती गदाच झाली आहे. फेटे, मिरवणुका, बक्षिसाची गाडी, पुढाऱ्यांसोबतचे फोटो यांत आपण रमलो आणि ऑलिंपिकच्या मॅटवर हरियाणा पुढे गेला. हा दोष गदा जिंकलेल्या सगळ्यांच्या वाट्याला येतो. मग ‘उगाच मोठा केला’ हे वाक्य नेमकं सिकंदरच्याच वेळी तोंडात का येतं, हे मित्राने स्वतःला विचारावं.

आता भाच्याशी.

जानेवारी 2023, पुण्यातलं कोथरूड. माती विभागात सिकंदरसमोर महेंद्र गायकवाड. महेंद्रने बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले आणि सिकंदर हरला. तो खरंच धोक्याच्या स्थितीत गेला होता का, यावर वाद पेटला. मलाही ते चार गुण जास्तच वाटले. पण पंच चुकला म्हणणं वेगळं आणि पंचाने धर्म बघून गुण दिले म्हणणं वेगळं. दुसऱ्या आरोपाला पुरावा लागतो आणि तो आपल्यापैकी कोणाकडेच नव्हता. तरी आठवडाभर आपल्या फोनवर तेच फिरलं. शेवटी पंचाला धमकावल्याची तक्रार पोलिसांत गेली. ज्याच्यासाठी आपण ओरडत होतो, त्या पहिलवानाचं त्यात काय भलं झालं?

भाच्याला मी तीन सालं सांगितली: 1980, 1992, 2002. इस्माईल शेख, आप्पालाल शेख, मुन्नालाल शेख. सोलापूरजवळच्या बोरामणीचे, एकाच घरातले तिघे महाराष्ट्र केसरी. त्याला एकही नाव माहीत नव्हतं. ‘आपल्या पोराला गदा देत नाहीत’ हे वाक्य मात्र पाठ होतं. अन्यायाची गोष्ट सांगायच्या नादात आपण आपल्याच लोकांचा पराक्रम विसरलो. आणि ज्या महेंद्रला आपण त्या आठवड्यात खलनायक केलं, तोही सोलापूर जिल्ह्याचाच, मातीत घाम गाळणारा पोरगा. पुढे अंतिम लढतीत शिवराजकडून तोही हरलाच की.

अमेरिकेचा मार्व्हिन हॅगलर 1980 ते 1987 मिडलवेटचा चॅम्पियन होता. बारा वेळा त्याने आपला किताब राखला. 1987 ला लास व्हेगासमध्ये शुगर रे लिओनार्डने त्याला हरवलं, तेही तीनपैकी दोन पंचांच्या कौलाने. तो निकाल हॅगलरने कधीच मानला नाही आणि पुन्हा रिंगणातही उतरला नाही. आजही बॉक्सिंगचे शौकीन भांडतात: हॅगलर खरंच तेवढा मोठा होता की त्याने लहान वजनातून वर आलेल्यांनाच हरवलं? त्याच्या बारा विजयांपेक्षा त्या एका निकालावर जास्त बोललं जातं.

सिकंदरने तसं होऊ दिलं नाही. तो तालमीत परत गेला, जोर मारले, आणि दहा महिन्यांत गदा खांद्यावर घेऊन आला. कोथरूडच्या वादाला याहून चोख उत्तर नव्हतं, आणि ते त्याचं त्याने दिलं. त्यात आपल्या फॉरवर्ड केलेल्या मेसेजचा वाटा शून्य.

माझी खरी काळजी वेगळी आहे. पुढच्या स्पर्धेत तो कोणाकडून तरी हरेल. पहिलवान हरतोच. त्या दिवशी एक बाजू म्हणेल, ‘बघा, फुगवलेलाच होता.’ दुसरी म्हणेल, ‘बघा, पुन्हा हरवला.’ कोणता डाव चुकला, दम कुठे कमी पडला, हे विचारायला कोणी उरणार नाही. तालीम आणि वस्ताद हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि महाराष्ट्राच्या मातीत मुरले. तिथे वस्ताद पोराला त्याची चूक दाखवतो, कारण चूक दाखवल्याशिवाय पोरगा पुढे जात नाही. सिकंदरला त्याची चूक सांगण्याइतकंही आपण त्याला आपलं मानणार नाही का?

भाचा अजून कुरकुरतोय. मित्र म्हणतो, ‘पुढच्या फडाला घाटावर चल, मग बोलू.’ मी भाच्यालाही सोबत नेणार आहे. आधी त्याने कुस्ती बघावी. पहिलवानाचं आडनाव नंतर विचारलं तरी चालेल.