गॅरेजमधले काम की विज्ञान?

गेल्या महिन्यात झालेल्या आंतरशालेय विज्ञान प्रदर्शनात आपल्या शाळेच्या नववीतल्या तीन मुलांनी एक हातबॅटरी मांडली होती. मोटारीच्या रंगावरचे बारीक ओरखडे शोधण्याची. परीक्षकांनी ती उचलली, चालू-बंद करून पाहिली आणि "हे तर गॅरेजमधले काम झाले, यात विज्ञान कुठे आहे?" असे विचारून ते पुढच्या टेबलाकडे वळले. तिथे ज्वालामुखी होता. दरवर्षी असतो. बक्षीस त्याला मिळाले याचे मला दुःख नाही. पण परत आल्यावर त्या तिघांपैकी एकाने बॅटरी सुटी करून खोक्यात टाकली आणि "पुढच्या वर्षी पवनचक्की करू या" म्हणाला, म्हणून हे चार शब्द.

विज्ञान कुठे आहे ते घरीच पाहता येईल. वर्षानुवर्षे काथ्याने घासलेले स्टीलचे ताट एका उघड्या बल्बखाली धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल कडी दिसतील. ताट सरकवा, कडी प्रतिबिंबाबरोबर राहतील, ताटाबरोबर सरकणार नाहीत! म्हणजे ओरखडे गोल नाहीतच. ते सगळ्या दिशांना आहेत, पण प्रकाशाच्या वाटेला आडवे असलेले तेवढेच डोळ्याकडे उजेड फेकतात. तेच ताट ढगाळ दिवशी अंगणात न्या, कडी गायब. उजेड चहूबाजूंनी आला की बारीक ओरखडे त्यात बुडून जातात. ट्यूबलाइटच्या रांगेखाली आरशासारखी दिसणारी काळी गाडी उन्हात आली की तिच्यावर कोळ्याचे जाळे दिसते, ते याच कारणाने. रंगाचे काम करणाऱ्याला म्हणूनच एक छोटा, एकवटलेला उजेड हातात हवा असतो.

आता हा उजेड बनवायचा कसा? माझे उद्यमबागेत छोटे वर्कशॉप आहे, तिथे मुले चार रविवार आली होती. पहिली बॅटरी त्यांनी फार प्रखर केली. पांढऱ्या गाडीवर डोळे दिपले आणि काहीच दिसेना. मग उजेड कमी-जास्त करायची सोय आली. साध्या पांढऱ्या एलईडीत लाल भाग कमी असतो, त्यामुळे मरून गाडीवरचा टचअप मूळ रंगाशी जुळला की नाही हे त्यात नीट कळत नाही. रंग खरे दाखवणारा एलईडी वेगळा घ्यावा लागला. तो तापतो आणि तापला की उजेड मंदावतो, म्हणून मागे ॲल्युमिनियमचा तुकडा बसवला. वजन किती असावे यावर तर भांडण झाले. शेवटी एका पेंटरमामांनी विचारले, "पोरांनो, हे हातातून सुटले तर पडणार कुठे?" बॉनेटवरच की! ओरखडे शोधणारे हत्यारच ओरखडा पाडणार. दुसऱ्या दिवशी तोंडाला रबराचे कडे आणि मुठीला मनगटात अडकवायची दोरी आली. हे कुठल्याही पुस्तकात नव्हते. ज्याला ते वापरायचे त्याला विचारल्यावर मिळाले.

माझा मुलांशी मतभेद होता तो एकाच बाबतीत. नुसती बॅटरी अर्धे हत्यार आहे आणि अर्धे हत्यार धोक्याचे. पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ४०-५०च्या आसपास. डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश करणे म्हणजे हाच थर थोडा थोडा घासून काढणे. तो पुन्हा वाढत नाही. फार घासला की उन्हापुढे टिकत नाही, पापुद्रे सुटतात. उजेडाने गिऱ्हाइकाला घाबरवून नको ते पॉलिश गळ्यात मारणारेही असतात. म्हणून ओरखड्याबरोबर जाडीही कळायला हवी. लोखंडी पत्र्यावर ती चुंबकाच्या तत्त्वाने मोजतात; रंग जाड तितकी ओढ कमी. फडक्यात गुंडाळलेला साधा चुंबक जिथे चिकटत नाही तिथे जाड लांबी भरलेली आहे, हे जुनी गाडी घेणाऱ्यांना ठाऊक असते. ॲल्युमिनियमवर आणि प्लास्टिकच्या बंपरवर मात ही युक्ती चालत नाही. ॲल्युमिनियमसाठी भोवरी प्रवाहाचे तत्त्व लागते. दहावीच्या वर्षाला पुरेल एवढे काम यात आहे.

चूक आमचीही झाली, ती कबूल केली पाहिजे. पांढरी चादर घातलेल्या टेबलावर आम्ही बॅटरी ठेवली. ओरखडे पाहायला पृष्ठभागच नव्हता, मग परीक्षकांना दिसणार काय?

काही पालक म्हणतील, मुलांनी शिकून गॅरेजातच जायचे का? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली ज्या गावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे शेतकऱ्यांसाठी लोखंडी नांगर बनवला, त्या बेळगावात "गॅरेजमधले काम" हे शब्द नाक मुरडून उच्चारले जावेत याचे मला नवल वाटते.

विश्वस्त मंडळाला विनंती एकच. एका ओळखीच्या गॅरेजमधून काळ्या गाडीचे जुने बॉनेट मिळते आहे, फुकट. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीवर ते टांगायला जागा आणि दोन मजबूत खुंट्या हव्यात. अर्ध्या भागाला पॉलिश करायचे, अर्धा तसाच ठेवायचा. परवानगी मिळाली तर येत्या शनिवारी मी स्वतः टेम्पोने आणून देतो. खोक्यातली बॅटरी पुन्हा जोडायला तिघांपैकी दोघे तयार आहेत. तिसऱ्याशी मी बोलतो.