उपवासात वाचलेलं जातं कुठे?



२०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आला आणि त्याच सुमारास रमजानचे रोजे सुरू झाले. महाशिवरात्र तीनच दिवस आधी होऊन गेली होती. म्हणजे आमच्या बेळगावात आठवडाभरात तीन तऱ्हेचे उपवास. या निमित्ताने बरेच दिवस मनात असलेलं एक मत मांडतो. पटलं नाही तर जरूर सांगा.

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपण सगळेच हसत हसत वापरतो. आम्हा ख्रिस्ती लोकांना तिच्यातून सूट आहे असं कुणी समजू नये. उपवासकाळातल्या शुक्रवारी आम्ही मांस खात नाही. मग करतो काय? चोर्ला घाटातून येणाऱ्या गोव्याच्या मासळीची वाट बघतो. मटण सोडलं म्हणून सुरमई आणली, रवा लावून तळली आणि देवाला सांगितलं, बघ बाबा, आज उपवास. नियमात हे बसतं, कारण मासे वर्ज्य नाहीत. पण त्या दिवशीचा बाजारहाटाचा खर्च एरवीच्या शुक्रवारपेक्षा जास्त निघतो. मी बँकेतला माणूस, त्यामुळे मला हा हिशेब डोळ्यांत खुपतो.

माझं म्हणणं सरळ आहे. उपवासाने घरात काही वाचलं पाहिजे, आणि जे वाचलं ते मोजून दुसऱ्याच्या घरी गेलं पाहिजे. एवढं होत नसेल तर तो उपवास नाही, पथ्य आहे. पथ्य तब्येतीला चांगलंच, पण त्यासाठी कपाळाला राख लावायची गरज नाही.

ज्यांना आमच्या उपवासकाळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राखेच्या बुधवारी फादर कपाळावर राखेचा क्रूस काढतात. तिथपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले ६ रविवार वजा केले की ४० उरतात, कारण रविवारी उपवास नसतो. दर शुक्रवारी चर्चमध्ये ‘क्रुसाची वाट’ असते. येशूच्या शेवटच्या प्रवासातले १४ टप्पे, एकेका टप्प्यापाशी थांबून प्रार्थना. शेवटच्या आठवड्यात झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवार, शुभ शुक्रवार आणि मग ईस्टर.

उपवासाचे नियम पूर्वी कडक होते. पोप सहावे पॉल यांनी १७ फेब्रुवारी १९६६ ला ते सैल केले. आता पुरा उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. त्यातही एक पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाणं चालतं. वयाची अट १८ ते ५९. म्हणजे माझ्यासारखा सत्तरी ओलांडलेला माणूस नियमाने कधीच सुटला! पण नियम सैल करताना ‘आता काही करू नका’ असं चर्चने म्हटलं नव्हतं. पोटावरची सक्ती कमी केली आणि दानधर्माची, दयेच्या कामांची जबाबदारी माणसाच्या विवेकावर टाकली. आपण सवलत तेवढी घेतली, जबाबदारी काउंटरवरच विसरून आलो.

हिशेबाची गोष्ट मी माझ्या पदरची सांगत नाही. ‘हर्मासचा मेंढपाळ’ नावाचा एक फार जुना ग्रंथ आहे, दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिला गेलेला. त्यात उपवासाची रीत सांगितली आहे. त्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्यावं. एरवी जे जेवला असता त्याची किंमत काढावी, ती रक्कम बाजूला ठेवावी आणि विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. किंमत काढावी, हे शब्द लक्षात घ्या. पाचव्या शतकातले पोप थोरले लिओ यांनीही उपवासकाळातल्या प्रवचनांत हेच सांगितलं, की उपवास करणाऱ्याने स्वतःच्या तोंडचं काढलेलं गरिबाच्या मुखी पडावं. अलीकडचं उदाहरण जर्मनीचं. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या त्या देशातल्या कॅथलिकांनी १९५८ मध्ये ‘मिझेरिओर’ ही संस्था काढली, ती उपवासकाळात जमणाऱ्या पैशावर. तो पैसा भारतातल्याही कितीतरी कामांना मिळाला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अॅलनटाउन इथे १९७५ मध्ये घराघरांत पुठ्ठ्याचे छोटे डबे वाटले गेले, आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी. जेवण साधं करायचं आणि वाचलेले पैसे डब्यात टाकायचे. त्याला ‘राइस बाउल’ म्हणजे भाताचा वाडगा असं नाव पडलं.

आमच्या खानापूरच्या घरी मात्र हा वाडगा त्याच्याही आधीपासून होता. तो डालडाचा रिकामा डबा होता. घरात आम्ही कोकणी आणि मराठी अशी मिसळून बोलायचो आणि आई उपवासकाळाला ‘करेज्म’ म्हणायची. करेज्मातल्या शुक्रवारी रात्री भात व्हायचा नाही, पेज व्हायची. रोजच्या मापातले निम्मे तांदूळ पेजेत आणि निम्मे डब्यात. पवित्र गुरुवारी तो डबा कुणाच्या तरी घरी जायचा. कुणाच्या, ते आम्हा मुलांना ती कधी सांगायची नाही. पण डबा किती भरला हे मात्र झाकण उघडून सगळ्यांना दाखवायची. कमी भरला असेल तर का कमी भरला, हेही सांगायची!

हा प्रकार आमच्याच धर्माचा असंही नाही. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्या शेजारच्या कोल्हापूर भागातले, कुंभोजचे. घरटी मूठभर धान्य गोळा करण्याच्या मुष्टिफंडाचा रयतच्या वसतिगृहांना आधार झाला. आमचे मुस्लिम खातेदार रमजानच्या आधी पासबुक भरून घ्यायला यायचे, कारण वर्षभर शिल्लक राहिलेल्या रकमेवर अडीच टक्के जकात काढायची असते. ईदच्या नमाजाआधी फितरा देऊन टाकायचा असतो. काउंटरच्या अलीकडे बसून मला नेहमी वाटायचं, ही माणसं देवापुढे जाताना ताळेबंद घेऊन जातात. आपण नुसते हात जोडून जातो.

१९८१ मध्ये मी निपाणीत नोकरीला होतो. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. १४ मार्चला ते आंदोलन सुरू झालं आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. त्या वर्षी ईस्टर १९ एप्रिलला होता, म्हणजे ते आंदोलन सगळंच्या सगळं आमच्या उपवासकाळात झालं. आजूबाजूच्या खेड्यांतून भाकऱ्यांची गाठोडी रस्त्यावर यायची. पाठवणारी घरं काही सुखवस्तू नव्हती. ‘उपवासकाळ’ हा शब्दही त्यांना ठाऊक नव्हता. पण आपल्या चुलीवरची भाकरी मोजून दुसऱ्यासाठी काढून ठेवणं म्हणजे काय, ते त्या बायांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आता आजचं बघू. आमच्या पॅरिशमधून उपवासकाळात कार्यक्रम भरपूर होतात. रिट्रीट असतं, युवकांचं दुःखसहनाचं नाटक असतं, लाइट असतात, माइक असतो. बस करून डोंगरावरच्या क्रुसाला जातात. क्रुसाची वाट कोकणीत, मराठीत, कन्नडमध्ये की इंग्रजीत, यावर चर्चा रंगते. सीमाभागात भाषेवर बोलायला वेळ मिळतोच. यातल्या कशाचीही मी चेष्टा करत नाही. नाटकात काम करणारी पोरं महिनाभर तालमीला येतात, ही मोठी गोष्ट आहे. पण ईस्टर झाल्यावर किती जमलं आणि कुणाला पोचलं असं विचारा. बहुतेक ठिकाणी ठाम उत्तर मिळत नाही.

याच भागातल्या एका पॅरिशची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. ‘सेंट व्हिन्सेंट डी पॉल’ संस्थेची मंडळी दोघादोघांनी गरजूंच्या घरी जाऊन भेट देतात. १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांना घेऊन सुरू केलेली ही पद्धत आजही तशीच चालते. तर त्यातले दोघे ईस्टरनंतर एका म्हातारीकडे गेले. विधवा बाई, जन्मभर बिड्या वळलेल्या, आता बोटं वळत नाहीत. गॅस संपून तीन आठवडे झाले होते. ‘मला काय लागतंय बाबा, च्या-बटर हाय की,’ म्हणाली. चहाही शेजारीण द्यायची. ही बाई त्या उपवासकाळात एकही शुक्रवार न चुकता क्रुसाच्या वाटेला हजर होती. चौदाच्या चौदा टप्प्यांना गुडघे टेकत होती. आणि दर शुक्रवारी दानाची थैली फिरली की दहा रुपये टाकत होती. म्हणजे जिच्या घरी पैसे पोचायला हवे होते तिच्याकडून ते येत होते, आणि कुणाच्या वहीत याची नोंद नव्हती.

म्हणून मी म्हणतो, वही ठेवा. साधं गणित करू. उपवासकाळातले ७ शुक्रवार आणि राखेचा बुधवार, असे ८ दिवस. चार माणसांच्या घराने साधं जेवून, मासळी न आणता, दिवसाला १५० रुपये वाचवले असं धरू. एका घराचे झाले १,२००. पॅरिशमधल्या १०० घरांनी केलं तर १,२०,०००. यात कुंदा सोडणारे, सिनेमा सोडणारे, विडी-सिगरेट सोडणारे आणि मशेरी सोडणाऱ्या आज्या धरलेल्याच नाहीत. एवढ्या रकमेत दहा म्हाताऱ्या माणसांना वर्षभर दरमहा हजार रुपयांची औषधं देता येतील. मोठं ट्रस्ट नको, उद्घाटन नको.

करायचं काय, तर प्रत्येक घरात एक डबा. पवित्र गुरुवारी सगळे डबे एकत्र उघडायचे. मोजायला तिघं बसवायची, त्यात निदान दोन बायका, कारण गल्लीत कुणाची चूल पेटत नाही हे त्यांनाच आधी कळतं. घेणारा ख्रिस्तीच हवा अशी अट नको. ईस्टरनंतरच्या रविवारी चर्चच्या फळ्यावर एक कागद लावायचा. त्यावर जमा, खर्च आणि शिल्लक. औषधांसारखी वर्षभराची मदत असेल तर दुकानदाराला आगाऊ पैसे देऊन टाकायचे. बँकेत शिल्लक वाढली की आम्ही खूश व्हायचो. हे एकच खातं असं आहे की ज्यात शिल्लक शून्य दिसली पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की येशूनेच सांगितलंय, उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, मग फळ्यावर कागद कशाला? माझं उत्तर बँकेतलं आहे. खातेदाराचं नाव आणि त्याची रक्कम गुप्त असते, पण बँकेचा ताळेबंद जाहीर असतो. कुणी किती टाकले ते लिहू नका, कुणाला मिळाले तेही लिहू नका. एकूण किती आले आणि किती गेले एवढं लिहा. आईच्या डब्याचा नियम तोच होता.

दुसरा आक्षेप तरुण फादरांकडून ऐकला. उपवास ही आत्म्याची गोष्ट आहे, तुम्ही तिचा व्यवहार करताय. मान्य, आत्म्याचीच गोष्ट आहे. पण प्रार्थना, उपवास आणि दान हे तिन्ही चर्चने कायम एकत्र शिकवले आहेत. तिवईचा एक पाय काढला तर बाकीचे दोन कितीही मजबूत असोत, बसणारा पडतो. आणि खरं सांगू का, पन्नास रुपये डब्यात टाकताना जीव जरा खाली-वर होतो. तो होतो म्हणूनच ती आत्म्याची गोष्ट आहे.

  डबा कुठलाही चालेल. आणि मंडळी, तुमच्या घरी एकादशीला, रोज्याला, पर्युषणात असं काही बाजूला काढून ठेवायची रीत होती का, आणि ते कुणाकडे जायचं, हे जरूर लिहा. विशेषतः निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा भागातल्या जुन्या मंडळींनी. अशा रिती कुठे लिहून ठेवलेल्या नसतात. सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून घेतलेलं बरं.